‘खारा सूर’चा दुसरा अंक

आमच्या वाडीत कोण कुठल्या सुरात बोलतं, याची नोंद एका माणसाकडे होती. माझी आई मला हाक मारते ती कोमल गंधारावर सुरू होते आणि मी दोनदा ओ दिली नाही की तिसऱ्या हाकेला मध्यमावर जाते, हे मला त्यांनी सांगितलं. मी तेव्हा आठवीत होते. पुढे कितीतरी दिवस आईने हाक मारली की मला हसू यायचं, आणि आईला वाटायचं, कार्टी शेफारली.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा छापलं होतं, तेवढं पुष्कळ झालं. वाडीत सगळे त्यांना सर म्हणत, मीही सरच म्हणते.

सर मालवणजवळच्या एका हायस्कुलात संगीत शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवायचे. लग्न केलं नव्हतं. आमच्या घरून रस्त्याकडे जाताना वाटेत त्यांचं कौलारू घर लागायचं. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, आणि लोक जिथे पेन लावतात त्या खिशात ट्यूनिंग फोर्क. त्याला ते ‘काटो’ म्हणत. बोलता बोलता काटो काढायचा, कोपरावर आपटायचा आणि समोरच्याच्या कानाशी धरायचा. मासे विकायला आलेल्या बाईच्या कानाशी धरायचे, मीटर बघायला आलेल्या वायरमनच्या कानाशी धरायचे. “ह्यो बघ, हंय आसा सूर. तू हेच्या जरा खाली बोलतस.” वायरमन बिचारा “होय सर” म्हणून उरलेलं बोलणं वरच्या पट्टीत करायचा.

घरात पंखा नव्हता. होता, पण तो त्यांनी उतरवून पडवीत ठेवला होता. कारण विचारलं तर म्हणाले, “पंखो लावलो काय घरात एक माणूस सतत बेसूर गायता असा वाटता.” मे महिन्यात पाहुणा आला तर त्याच्या हातात सुपारीच्या विरीचा, म्हणजे वाळलेल्या झापाच्या रुंद देठाचा, पंखा द्यायचे आणि वारा घेताना त्याची लय चुकली तर सांगायचे. त्यांच्याकडे कुणी फार वेळ बसत नसे.

शाळेत त्यांनी आम्हाला पहिला महिनाभर एक ओळ गाऊ दिली नाही. तासाला खिडक्या उघडून बसायचं आणि ऐकायचं. “आधी कान धुवा, मगे गळे उघडा,” म्हणायचे. पालकांनी तक्रार केली. हेडमास्तरांनी बोलावून समज दिली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि परत येऊन आम्हाला सांगितलं की हेडमास्तर रागावतात तेव्हा त्यांचा आवाज दोन ठिकाणी फाटतो. सहामाही परीक्षेत एकच प्रश्न होता: आत्ता या वर्गात काय काय ऐकू येतंय ते लिहा. मी खोडी म्हणून शेवटी लिहिलं, ‘सरांच्या नाकातून येणारी शिट्टी’. मला वाटलं, आता छड्या. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले आणि पेपर परत देताना म्हणाले, “ह्या खरा ऐकलंस.”

मी त्यांची टिंगल करत होते आणि त्यांना ते ऐकणं वाटत होतं. आमच्या दोघांमधला हा घोळ तेव्हापासूनचा.

पाववाल्याच्या भोंग्याची गोष्ट अख्ख्या गावाला ठाऊक होती. रोज सकाळी सायकलवरून पाववाला यायचा, रबरी फुग्याचा भोंगा दाबत. त्या भोंग्याचा सूर सरांना दाढदुखीसारखा छळायचा. एक दिवस त्यांनी पाववाल्याला फाटकात अडवला आणि भोंगा काढून घेतला. पडवीत बसून तो उघडला, आतली पितळेची जिभली कानशीने घासली, वाजवून बघितला, परत घासली. हे काम तीन दिवस चाललं. तीन दिवस पाववाला “पाऽऽव” असा ओरडत हिंडला. चौथ्या दिवशी भोंगा परत मिळाला. कुणालाच काही फरक कळला नाही. सर मात्र त्यानंतर रोज सकाळी फाटकात उभे राहायचे, आणि भोंगा वाजला की डोळे मिटून मान हलवायचे. शाळेतली मुलं त्यांना ‘पोंपों सर’ म्हणायला लागली ती तेव्हापासून. मीही म्हणायचे.

बारावीनंतर मी पुण्याला गेले, डिझाइन शिकायला. तिथे मी पहिलं काय केलं असेल तर माझी बोली लपवली. आईचा फोन आला की खोलीबाहेर जाऊन बोलायचे. एकदा चुकून वर्गात ‘कुठे’ऐवजी ‘खंय’ निघून गेलं, दोघीतिघी हसल्या, त्यानंतर दोन वर्षं मी असं प्रमाण मराठी बोलले की कोकणातल्या मुलीनेसुद्धा मला विचारलं, तू पुण्याचीच का?

दुसऱ्या वर्षाला प्रकल्प मिळाला: संगीताला वाहिलेल्या मासिकाचं नियोजन आणि मांडणी. नाव ठरवायचं, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, मधली जोडपानं, सगळं खऱ्या मासिकासारखं. चार प्रती छापून वर्गापुढे मांडायच्या. आमचे मार्गदर्शक म्हणाले, आपापल्या गावचं काही असेल तर बघा, नाहीतर सगळे त्याच त्या गिटारवाल्यांचे फोटो आणतात. मला लगेच सर आठवले. विषय खोल आहे, माणूस मोठा आहे, असलं काही मनात नव्हतं. सोपं काम आणि मजेदार माणूस, एवढंच. नाव मी बसमध्येच ठरवलं, ‘खारा सूर’.

सुट्टीत गेले आणि त्यांच्या पडवीत बसून सांगितलं की मी एक मासिक काढतेय.

“मासिक? संगीताचा?” सर खुर्चीत सरळ झाले. “खंयसून निघतला?”

“पुण्यातसून.”

“आणि तू तेच्यात काय करतंस?”

“सगळाच. लिवचा, फोटो, मांडणी.”

“म्हणजे संपादक,” ते म्हणाले आणि उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता आणि पायात बूट होते. घरातल्या घरात, मुलाखतीसाठी, बूट.

‘सर, कॉलेजचो प्रोजेक्ट आसा, चार प्रती निघतत,’ हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ते बूट घालून बसले होते. आणि खरं सांगायचं तर आयुष्यात मला कुणी पहिल्यांदाच संपादक म्हटलं होतं. मी वही उघडली.

चार दिवस मी जात होते. भोंग्याची गोष्ट, पंख्याची गोष्ट, हेडमास्तरांची गोष्ट मी हसत हसत लिहून घेतली. पाववाला आला तेव्हा भोंगा कानाशी धरलेला, तोंड उघडं, डोळे मिटलेले, असा त्यांचा फोटो काढला. पाचव्या दिवशी सर म्हणाले, “ह्यां सगळा ठीक आसा गो. पण छापूचा ता येगळाच आसा. चल माझ्यावांगडा.”

ते मला तारकर्लीला एका काकींकडे घेऊन गेले. सुरूच्या झाडांमागे त्यांचं घर, अंगणात मासळी वाळत घातलेली. काकींचा नवरा चार वर्षांपूर्वी वारला होता. रापणीवर हाक घालायचं काम त्याचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून समुद्रात टाकून दोन्ही टोकांनी ओढायचं मोठं जाळं. एकाने हाक घालायची आणि त्या हाकेवर पन्नास माणसांनी एका दमात दोर ओढायचा. आता मोठ्या बोटी आल्या, रापण क्वचित लागते, आणि ती हाक घालणारं कुणी उरलं नाही. सरांनी मात्र वर्षानुवर्षं किनाऱ्यावर बसून ती हाक टिपून ठेवली होती.

“जाळा हलका आसला काय हाक वर ऱ्हवता,” सर मला समजावत होते. “जड झाला काय एकेक सूर खाली उतरता. तेका कोणी शिकवलेला नाय. वजनच तेका सूर सांगता.”

काकी मासळी उलटवत होत्या. त्या म्हणाल्या, “खरा आसा ता. मी घरात बसान आयकी. हाक खाली इली काय चुलीर मोठा आधण ठेवी. वर ऱ्हवली काय समजायचा, आज पेज.”

सर म्हणाले, “काकी, एकदा घाला बघया. संपादक इल्ली आसा.”

काकी नको नको म्हणत होत्या. बायकांनी हाक घालायची नसते. मग त्यांनी आमच्याकडे पाठ केली, पदराला हात पुसले, आणि भिंतीकडे तोंड करून हाक घातली. त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच. लांबलचक सूर, मध्येच तुटलेला दम, आणि पुन्हा सूर, आधीपेक्षा खाली. सात वेळा. सातव्या वेळी आवाज जमिनीला टेकल्यासारखा झाला. माझ्या अंगावर काटा आला, हे मी आता लिहिते आहे, पण तेव्हा मी फोनची बॅटरी किती उरली ते बघत होते.

काकी वळल्या आणि मला विचारलं, “छापून येतली मां?”

“येतली, काकी.”

“माका वाचूक येणा नाय. पण तेचा नाव खंय आसा ता बोटान दाखव. तेवढा पुरे.”

“दाखवतलंय,” मी म्हटलं.

सरांनी त्या हाकेचं एक पान तयार केलं. वर नाव, खाली सात ओळींत स्वर, प्रत्येक ओळीपुढे जाळं किती आत आलं त्याची नोंद, आणि शेवटी चार वाक्यं. हे पान त्यांनी अकरा वेळा लिहिलं. अकरावं माझ्या हातात दिलं तेव्हा त्यावर खाडाखोड नव्हती. “एक पान,” ते म्हणाले. “माझा बाकीचा काय घातलंस नाय तरी चलात. ह्या एक पान होया.”

पुण्याला परतल्यावर मी मांडणीला बसले. त्या पानाचं काय करावं ते मला कळेना. स्वरलिपी रुक्ष दिसत होती. काकींच्या नवऱ्याचा फोटो नव्हता. मार्गदर्शकांनी पडद्यावर बघून विचारलं, “हे कोण वाचणार?” पुढे काही दिवस मी स्वतःला सांगत राहिले की त्यांनी ते पान काढायला लावलं. तसं नव्हतं. त्यांनी नुसतं विचारलं होतं. काढलं मी. त्या जागी भोंगा कानाशी धरलेला सरांचा फोटो दोन्ही पानांवर पसरवला आणि त्यावर मोठ्या ठळक अक्षरांत त्यांचं वाक्य टाकलं: “पाववाल्याचो भोंगो काळी चारात लागता!” पान उघडल्याबरोबर हसू यायचं. मला ते फार जमलेलं वाटलं.

अनुक्रमणिकेत खाली थोडी जागा रिकामी राहत होती. खऱ्या मासिकात असते तशी एक चौकट तिथे टाकली: ‘पुढील अंकात: रापणीची हाक’. शेजारी संपादकीय पत्ता म्हणून हॉस्टेलचा पत्ता. मांडणीत भरीला काहीतरी हवं असतं.

प्रकल्प वर्गापुढे मांडताना मी आणखी एक गोष्ट केली. दोन वर्षं जी बोली मी कुणाला ऐकू दिली नव्हती, ती मी काढली. सरांची मान, सरांचा काटो, सरांचं “ह्यो बघ, हंय आसा सूर” सगळं करून दाखवलं. वर्ग हसून हसून लोळला. मार्गदर्शकसुद्धा चष्मा काढून डोळे पुसत होते. मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. त्या संध्याकाळी मी अंकाची फाइल आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, आणि चारपैकी एक छापील प्रत सरांना पोस्टाने पाठवली. पाठवताना मनात काही खुपलं का, ते मी खूप आठवून बघितलं. नाही खुपलं.

आठवड्याने त्यांचं पत्र आलं. पत्रात ते बोलीत लिहीत नसत.

‘संपादक, खारा सूर, यांस. अंक मिळाला. कागद उत्तम आहे. शुद्धलेखनाच्या सात चुका सोबत नोंदवल्या आहेत. भोंगा काळी चारमध्ये लागतो असे मी म्हटले नव्हते, पांढरी पाच म्हटले होते. वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून पुढील अंकी दुरुस्ती द्यावी. छायाचित्र पाहिले. रापणीची हाक पुढील अंकी घेत आहात हे वाचून समाधान वाटले. त्यासाठी शुद्ध प्रत पुन्हा पाठवत आहे.’

‘छायाचित्र पाहिले.’ त्याबद्दल एवढेच दोन शब्द.

महिन्याने दुसरं पाकीट आलं. त्यात वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात बायका एकत्र काजू फोडताना धरतात त्या ठेक्यावर तीन पानं होती, ‘दुसऱ्या वा तिसऱ्या अंकासाठी’. ते मी वाचलं. तिसरं पाकीट आलं तेव्हा माझी परीक्षा होती. चौथं आलं तेव्हा परीक्षा नव्हती, तरी मी ते तिसऱ्याखाली ठेवून दिलं. त्यानंतरची उघडायची मला भीती वाटायला लागली. अशी एकूण नऊ पाकिटं आली.

दरम्यान गावात त्या फाइलीने आपलं काम केलं होतं. सुट्टीला येणाऱ्या पर्यटकांपर्यंत तो फोटो पोचला. लोक सरांच्या फाटकासमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवायचे आणि ओरडून विचारायचे, “सर, कुठला सूर?” कुणीतरी त्याचं रील केलं. पाववाल्याला लोक रस्त्यात अडवून भोंगा दाबून बघायला लागले, तेव्हा कंटाळून त्याने भोंगाच काढून टाकला. आता तो परत “पाऽऽव” असा ओरडत जातो. सर सकाळी फाटकात येईनासे झाले.

हे मला आईने फोनवर सांगितलं. आणि मग म्हणाली, “गो, तुझो दुसरो अंक कधी येतलो?”

“कसलो अंक?”

“सर दर म्हयन्याक मालवणच्या बाजारात पेपरवाल्याकडे जातत. ‘खारा सूर’ इलो काय म्हणान इचारतत. पेपरवालो आधी नाय म्हणी. आता हसता आणि सांगता, उद्या येतलो सर, उद्या येवा. सगळो बाजार हसता.” पुढे आईने विचारलं, “तू तेंका सांगल्लंस मां, ता कॉलेजचा आसा म्हणान?”

“सांगतंय,” मी म्हटलं.

पुढे तीन वर्षं सांगितलं नाही. गणपतीला घरी गेले तर मागच्या बागेतून, नारळींच्या मधून वाट काढून रस्त्यावर जायचे, म्हणजे सरांच्या दारावरून जावं लागू नये. एकदा पाऊस फार होता, बागेत पाणी भरलं होतं, म्हणून पुढच्या वाटेने निघाले. सरांची खिडकी बंद होती. मी छत्री तोंडावर घेऊन भराभर चालत होते. आतून त्यांचा आवाज आला, “पावलां जड पडतत गो तुझी. बरा नाय काय?”

त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं. मी थांबले नाही.

शिक्षण संपलं, पुण्यातच नोकरी लागली. लग्नपत्रिका, शाळांचे वार्षिक अंक, औषधाच्या खोक्यांवरचा मजकूर, अशी कामं मी करते. मागच्या वर्षी आईने फोनवर सांगितलं की तारकर्लीच्या काकी गेल्या. मी कामावर होते. माझ्यासमोर कुठल्यातरी संस्थेच्या स्मरणिकेचं पान उघडं होतं. त्या दिवशी मी ते पान बाजूला सारलं आणि पहिल्या पत्राबरोबर आलेली हाकेची शुद्ध प्रत शोधून काढली. आठ दिवस खपून मी ते पान लावलं. वर काकींच्या नवऱ्याचं नाव, खाली सात ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी खाली उतरलेली. बाकी काही नाही. पान सुंदर दिसत होतं. चार वर्षांपूर्वी ते रुक्ष दिसेल असं मला का वाटलं होतं, कोण जाणे.

ते छापून घेऊन मी गावी गेले आणि सरांच्या दारात उभी राहिले. सर खूप वाळले होते. शर्टाची बटणं अजून गळ्यापर्यंत. “इलंस,” एवढंच म्हणाले आणि खुर्ची पुढे केली. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांची भाची त्यांना बांद्याला आपल्याकडे घेऊन गेली, घराला आता कुलूप असतं. म्हणजे त्या पडवीतली ती आमची शेवटची बैठक.

मी बसता बसताच सांगून टाकलं. “सर, ता मासिक खरा नव्हता. कॉलेजचा काम होता. चारच प्रती काढल्लंय. दुसरो अंक निघूचोच नव्हतो.”

“माका ठावक आसा.”

“कधीपासून?”

“अंक हातात पडलो तेवाच. शेवटच्या पानार मुद्रक-प्रकाशकाचा नाव नाय. वीस वर्षां चर्चच्या स्मरणिकेची प्रुफां तपासलंय मी. नाव नसलेलो अंक दुकानात येणा नाय.”

“मग तुमी दर म्हयन्याक पेपरवाल्याकडे कशाक जायात?”

सर म्हणाले, “काकी त्याच्या समोर बसायची, सुकट घेवन. तू तिका शब्द दिल्लंस. ती माका इचारी, इला काय? तिका काय सांगू, संपादकान फसयला म्हणान? मगे तिच्या डोळ्यांदेखत दुकानार जाय, इचारी, आणि येवन सांगी, अजून येवचो आसा. तिच्या समोरच पाकिटां पोस्टात टाकी. तिका बरा वाटी.”

“लोक हसायचे तुमका.”

“हसले. पेपरवालो बरो हसता. गळ्यातसून हसता, नाकातसून नाय.”

मी पिशवीतून पान काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, सातही ओळींवरून बोट फिरवलं, ओठ हलत होते. पाचव्या ओळीशी थांबले, परत वर गेले, पुन्हा खाली आले. एकही चूक नव्हती. “बरा झाला,” ते म्हणाले. मग वरच्या नावावर बोट ठेवून त्यांनी ते तसंच ठेवलं. “पण आता दाखवतलंस कोणाक?”

मी रडले. त्यांनी रडू दिलं. उठून आत गेले, कोकमाचं सरबत करून आणलं, माझ्या हातात दिलं आणि समोर बसले. मी सावरले आहे असं बघून त्यांनी अगदी सहज विचारलं,

“पाकिटां वाचलंस मां सगळी?”

आत्ताच सगळं कबूल करून झालं होतं. आणखी एक गोष्ट कबूल करायला काय लागणार होतं? पण त्यांनी ज्या आशेने विचारलं, ती बघून माझ्याच्याने नाही म्हणवेना. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवसापुरती मला माझी शरम पुरी झाली होती.

“होय, सर.”

“खंयचा आवाडला?”

मी ग्लासाकडे बघत राहिले. काजूचं सांगता आलं असतं, ते मी वाचलेलं होतं. पण त्या क्षणी तेही आठवेना. सर वाट बघत होते. मग त्यांनीच माझी सुटका केली.

“रहाटाचा आवाडला आसतला,” ते म्हणाले. “आमच्या बावीच्या रहाटाचा लिवल्लंय ता.”

“होय,” मी म्हटलं. “ताच. माका ता खूप आवाडला.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “बरा,” म्हणाले. मग चष्मा काढून पुसत बसले.

पुण्याला परत आल्यावर मी उरलेली सातही पाकिटं एकामागून एक उघडली. होडीला डांबर लावताना माणसं गुणगुणतात ते होतं. बर्फ फोडण्याच्या आवाजावर होतं. भजनातल्या झांजेवर होतं, लिलावाच्या बोलीवर होतं, सुरूच्या बनातल्या वाऱ्यावर चार पानं होती. सगळी पानं मी दोनदा वाचली, पाकिटं उलटी करून झटकून बघितली. रहाटावर त्यांनी मला कधी काही लिहून पाठवलंच नव्हतं.